गप्प केलेले जनुक काय सांगते?

‘अमुक गुणाचे जनुक सापडले!’ असा मथळा तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. अशा मथळ्यावर लगेच विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते एका इवल्या गांधीलमाशीच्या उदाहरणावरून पाहू.

तिचे नाव नेसोनिया. लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. मांसावर वाढणाऱ्या माश्यांच्या कोशांत ती अंडी घालते आणि तिच्या अळ्या आतल्या जिवाला खाऊन वाढतात. मधमाशीप्रमाणे हिच्यातही फलित अंड्यातून मादी निपजते, अफलित अंड्यातून नर.

फलित अंड्याला ‘तू मादी हो’ असे कोण सांगते? ते शोधण्यासाठी जनुक गप्प करण्याची युक्ती वापरतात. जनुकातला मजकूर संदेशवाहक आरएनए घेऊन येतो व त्यावरून प्रथिन बनते. त्याच मजकुराचा दुपदरी आरएनए बाहेरून टोचला, तर पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा संदेश हुडकून नष्ट करते. जनुक जागच्या जागी असते. त्याचा निरोप तेवढा पोचत नाही. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीवर हे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेसोनियाच्या मादीतील ‘ट्रान्सफॉर्मर’ हे जनुक असेच गप्प केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तिच्या फलित अंड्यांतूनही नर निपजले.

मग हे ‘मादीपणाचे जनुक’ झाले का? नाही. फ्यूज उडाला की पंखा थांबतो. म्हणून फ्यूज वारा घालतो असे आपण म्हणत नाही. हे जनुक आवश्यक आहे, एवढेच प्रयोगाने सिद्ध झाले. ते एकटे पुरेसे नाही. आईने अंड्यात ठेवलेला त्याचा संदेश तर लागतोच, शिवाय पित्याकडून आलेली त्याची प्रतही कामाला लागावी लागते, असे त्याच संशोधनात दिसले.

दुसरी गोष्ट. एवढ्याशा किड्याला सुई टोचणे हाच मोठा आघात. परिणाम सुईचा की जनुकाचा, हे कसे कळणार? त्यासाठी काही माश्यांना तशाच सुईने नुसते पाणी टोचून तुलना करावी लागते. शिवाय जनुक बहुधा पुरते गप्प होत नाही, म्हणून संदेश किती घटला तेही मोजावे लागते.

हा काथ्याकूट कशाला, असे म्हणू नका. उसावरील खोडकिडीविरुद्ध आपले शेतकरी ट्रायकोकार्डे लावतात. त्यांतून बाहेर पडणारी ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशीच. किडीच्या अंड्यांत अंडी घालते ती फक्त मादी. नराचा तेथे उपयोग नाही. अशा कामाच्या किड्यांविषयी अर्धवट अनुमानावर विसंबलो, तर नुकसान शेतकऱ्याचे होईल.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की ‘हे जनुक हे करते’ असे सांगण्याऐवजी ‘या जनुकावाचून हे होत नाही’ असे सांगा. आणि विद्यार्थी मित्रहो, पुढचा मथळा वाचताना दोन प्रश्न विचारा: तुलना कशाशी केली? आणि सिद्ध काय झाले, आवश्यक की पुरेसे?