डंख माशीचा, बळी उशिराचा



गांधीलमाशी डसून धडधाकट माणूस गेला की गाव म्हणते, त्याची वेळ आली होती. मी म्हणतो, वेळ आली नव्हती. इंजेक्शन आले नव्हते.

पऱ्हाटी उपटताना, ज्वारी राखताना माशी डसायचीच. बहुतेकांना जागच्या जागी सूज येते आणि उतरते. पण काहींच्या शरीराला ते विष सोसत नाही. डंख हाताला आणि गांधी अंगभर. ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, धाप लागते, अंधारी येते. बहुधा काही मिनिटांतच. मागच्या वेळी काही झाले नव्हते, या भरवशावर राहू नका.

यावर पहिले औषध एकच : ॲड्रिनॅलिन. मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. महागही नाही. एव्हिलने खाज थांबते, कोंडलेला श्वास सुटत नाही. नुसते एव्हिल टोचून 'जिल्ह्याला न्या' म्हणणे हा उपचार नव्हे, जबाबदारी झटकणे आहे. 'ॲड्रिनॅलिनने हृदयाला अपाय होईल' म्हणतात. अशा वेळी खरा अपाय उशिराने होतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिले. विंचवाचे विष वेगळे, औषध वेगळे, धडा तोच. खेड्यातला माणूस मोठ्या यंत्रांवाचून नाही, स्वस्त औषध वेळेवर न मिळाल्याने मरतो.

आपणही शिकू. मधमाशीचा काटा नखाने लगेच खरवडून काढा. वरची लक्षणे दिसली की १०८ ला फोन करा. रोग्याला आडवे निजवा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकवून बसवा. चालवत नेऊ नका. झाडपाल्यात, मंत्रात वेळ घालवू नका. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यातच ठेवा, त्रास उलटतो. आग्यामोहोळ उठून शेकडो डंख झाले, तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना गाठा.

आणि या बैठकीहून परतलात की चारजण मिळून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीनच प्रश्न विचारा : ॲड्रिनॅलिन आहे का? त्याची मुदत कधी संपते? रात्री डॉक्टर नसले तर टोचणार कोण?

उत्तरे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर आपण कापूस विकत नाही, जीव का टाकावा?