फटाका सायलेन्सरचं गिऱ्हाईक मी परत पाठवतो

ब्रेझिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात सगळ्यात जास्त विचारणा कशाची होते, माहितीये? बुलेटच्या सायलेन्सरची. आतली जाळी काढा, पितळेने जोडून द्या, आवाज घुमला पाहिजे. पैसे मागाल तेवढे. ब्रेझिंग शिकलेल्या पोराला हे काम जड नाही, म्हणूनच सांगतो, घेऊ नका.

कायद्याचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2): पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोड रोलरखाली घातलेत. असं झालं की गिऱ्हाईक भांडायला तुमच्याकडेच येणार. आणि आपल्या सास्तूरमध्ये स्पर्श रुग्णालयासमोरून ती गाडी फटफटत गेली, की काम कुणाच्या दुकानातलं हे संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. शहरातल्या दुकानदाराचं खपून जातं, आपलं नाही.

मग ब्रेझिंग शिकायचं कशाला? फवारणीचा पेट्रोल पंप, पॉवर वीडर, ग्रास कटर, छोटा जनरेटर यांच्यासाठी. थरथरीने यांच्या सायलेन्सरला तडे जातात, पत्रा गंजतो. तो इतका पातळ, की नवशिक्याने आर्क वेल्डिंग लावलं की भोकच. लोखंड साधारण 1500 अंशांना वितळतं, पितळी रॉड 900 च्या आसपास. म्हणजे पत्रा न वितळता जोड बसतो. काहीजण कथलाचा डाग देऊन मोकळे होतात. तो 200 अंशांच्या आसपासच वितळतो, इंजिन तापलं की गेला.

वीडरचा धूर तोंडावर येतो म्हणून नळीला बाक लावून मागणारेही येतात. तो बदल मी करतो, पण आतल्या जाळीला हात लावत नाही.

मी शिकायला आलेल्यांना पहिले तीन दिवस गॅस पेटवू देत नाही. राग येतो पोरांना. पण काजळी, तेल, गंज घासून पत्रा चकचकीत केल्याशिवाय पितळ धरत नाही. मग टाकणखार लावा, पत्रा लाल करा आणि रॉड पत्र्याच्या उष्णतेने वितळू द्या, ज्योतीने नाही. पितळ पाण्यासारखं जोडात पळालं पाहिजे. थेंब होऊन बसलं तर पत्रा थंड आहे नाहीतर घाण आहे.

हे मी फुकट शिकलो नाही. सुरुवातीला ऐन सोयाबीनच्या फवारणीत एका काकांचा पंप घाईत, नीट न घासता जोडून दिला. चौथ्या दिवशी जोड उघडला. पैसे परत केले, पण त्यांचे फवारणीचे दोन दिवस गेले ते कुठून देणार? काकांनी काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आणि हो, सायलेन्सर मशीनवरून उतरवूनच काम करा, पेट्रोलची टाकी लांब ठेवा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात नको. जीआय पाईप तापवला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने थंडी वाजून ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करा.

नीट पाया हवा असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर प्रवेश मिळतो. या कामाचा दर कसा लावायचा, रॉड आणि गॅसचा खर्च कसा धरायचा, ते पुढच्या व्हिडिओत वहीसकट दाखवतो.