पाटी वाचता आली पाहिजे

माझे बाबा पेंटर आहेत. चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, ट्रॉलीमागची वाक्यं, गणेश मंडळांचे फलक असं सगळं त्यांनी रंगवलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही. दारात आलेला माणूस 'पेंटर हायती का घरात?' असंच विचारतो. लहानपणी मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मुंबईला कला महाविद्यालयात आल्यावर पहिल्या वर्षी तो मी गुपचूप गुंडाळून ठेवला. कुणी विचारलंच तर 'बाबांचा बिझनेस आहे' असं सांगायची. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आता मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुनी माणसं अजून याला 'कमर्शिअल' म्हणतात. नातेवाइकांना तो शब्द ऐकून हायसं वाटतं. चित्रंच काढणार असली तरी पोरगी उपाशी मरणार नाही, एवढं त्यांना त्यातून कळतं. फाइन आर्टच्या मित्रांना मात्र त्याच शब्दाला दुकानाचा वास येतो. 'तुम्ही काय, साबण विकणार!' हे मी चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षं मीही तेच मानत होते. एक कला मनातून येते आणि दुसरी ऑर्डरीने येते, अशी सरळ वाटणी मी करून टाकली होती.

ही वाटणी आमच्या कोल्हापुरात तरी कधी टिकली नसती. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः तयार केला, १९२० साली 'सैरंध्री' काढला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. यातलं कुठलं काम कलेचं आणि कुठलं धंद्याचं, ते कुणी सांगावं? त्यांच्या नावापुढे 'पेंटर' लागलं ते कमीपणाने नव्हे. त्याच्याही आधी, १८९४ साली, राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घरोघरच्या भिंतींवर गेली. हुसेन मुंबईत सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवत होते. दीनानाथ दलालांची चित्रं आपल्या आजी-आजोबांनी कुठल्या दालनात पाहिली नाहीत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि 'दीपावली'च्या अंकात पाहिली. सर जे. जे.मध्ये कमर्शिअल आर्टचा वेगळा वर्ग सुरू झाला तो १९३५मध्ये. वर्ग वेगळा झाला आणि मग हळूहळू माणसंही वेगळी बसू लागली, असं आपलं मला वाटतं.

कमल शेडगे यांचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. २०२० साली ते गेले तेव्हा मी शाळेत होते, पण त्यांची अक्षरं मी त्याआधीपासून ओळखत होते. नाटकाची जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातला काळा-पांढरा, बोटभर चौकोन. शेजारी तसलेच आणखी वीस. त्यात नाटकाचं नाव असं लिहायचं की ते हसवणारं आहे की रडवणारं, हे मजकूर वाचायच्या आधीच कळावं. जागा निर्मात्याने पैसे मोजून घेतलेली, नाव नाटककाराने दिलेलं, मुदत उद्या सकाळची. शेडग्यांच्या हातात उरायचं फक्त अक्षराचं वळण. तेवढ्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. ज्यांना 'ऑर्डरीत स्वातंत्र्य नसतं' असं वाटतं त्यांनी ते चौकोन एकदा नीट पाहावेत.

बाबांचं काम मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी नव्याने पाहिलं. सुट्टीत घरी गेले होते. अंगणात पत्रा घासून, प्राइमर मारून वाळत ठेवला होता. बाबांनी खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायला लावला आणि मधे चिमटीत धरून सोडला. शिरोरेषेची ओळ उमटली. मग पायाची. दोन्हींच्या वर आणि खाली त्यांनी बरीच जागा मोकळी ठेवली. मी विचारलं, एवढी कशाला? तर म्हणाले, ''वर वेलांटी-मात्रा येतीया, खाली उकार येतोय. त्यांनी कुठं बसायचं?'' इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या जाडजूड पुस्तकांतून ओळींमधल्या अंतराची गणितं मी वर्षभर पाठ करत होते. देवनागरीला ती तशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे मला अंगणात कळलं.

पाटी किराणा दुकानाची होती. मालकाला स्वतःचं नाव सगळ्यांत मोठं हवं होतं. बाबांना 'किराणा' मोठं हवं होतं. हा वाद मी नंतर मुंबईत काचेच्या केबिनमध्ये बसून अनेकदा ऐकला, फक्त तिथे त्याला क्लायंट मीटिंग म्हणतात. बाबांनी तो अर्ध्या तासात मिटवला. नाव लाल रंगात घेतलं, आकार लहान ठेवला. 'किराणा' निळ्यात आणि दुप्पट. मालकाला लाल दिसलं, तो खूश. गिऱ्हाइकाला किराणा दिसला. मग बाबांनी मला नेहमीप्रमाणे रस्त्याच्या पलीकडे पिटाळलं. ''डोळं बारीक करून बघ. एसटीतनं जाणाऱ्याला वाचता आलं पायजे. गाडी काय आपल्यासाठी थांबत न्हाई.''

असा माणूस फ्लेक्सपुढे टिकला नाही. मी जन्मायच्या सुमारास आमच्या भागात फ्लेक्सची छपाई आली आणि चार दिवसांचं काम दोन तासांत होऊ लागलं. बाबांनी गाड्यांचे नंबर लिहिले, शाळांच्या भिंती रंगवल्या, ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेच्या घोषणा लिहिल्या. माझी फी त्या घोषणांमधून आली आहे. आता माझ्या वर्गातली मुलं चित्र काढून देणाऱ्या संगणकाला घाबरतात. २०२२नंतर ही यंत्रं आली तेव्हा ती देवनागरीची अक्षरशः मोडतोड करत होती आणि आम्ही वर्गात खोखो हसलो होतो. फ्लेक्सवर पहिल्यांदा चुकीचा 'र्‍या' छापून आला तेव्हा बाबाही असेच हसले होते म्हणे. त्यामुळे मी फार वेळ हसले नाही.

पण मला बोलायचंय ते यंत्राबद्दल नाही. गेल्या वर्षी एका जाहिरात संस्थेत मी तीन महिने उमेदवारी केली. माणसं चांगली होती, शिकायला भरपूर मिळालं. शेवटच्या महिन्यात मुलांसाठीच्या एका पेयाच्या पाकिटाचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या बाजूला आंबे काढायचे होते. मी मन लावून काढले, देठाजवळचा चीक दिसेल असे. मागच्या बाजूला घटकांची यादी. तिच्यात आंबा फार खाली होता, साखर फार वर. सूचना अशी होती की ती यादी कायद्याने चालेल तितक्या लहान अक्षरांत बसवायची आणि रंग असा घ्यायचा की ती फारशी डोळ्यांवर येणार नाही. पिवळ्यावर फिकट केशरी. मी घेतला. कुणी जबरदस्ती केली नाही. उलट माझ्या नेटक्या मांडणीचं कौतुक झालं, आणि मला ते आवडलं, हेही लिहायला हवं.

दिवाळीत घरी गेले तर ते पाकीट ओट्यावर. आईने धाकट्या भावासाठी आणलं होतं. मी उत्साहाने आंबे दाखवले. बाबांनी ते बघून मान डोलावली. मग सवयीने पाकीट उलटं केलं. चष्मा वर केला, पाकीट लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीपाशी गेले. शेवटी मोबाइलची बॅटरी लावली. मग आईला म्हणाले, ''हे वाचू नये म्हणूनच लिवलंय की गं.'' माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते काम माझं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी रात्री सांगितलं. ते काही बोलले नाहीत, ब्रश धुवत राहिले.

त्या दिवसापासून फाइन आणि कमर्शिअलचा वाद माझ्यापुरता मिटला आहे. पैसे घेऊन केलं म्हणून काम हलकं होत नाही. ज्याच्यासाठी केलं त्यालाच कळू नये अशा बेताने केलं, की हलकं होतं. आणि हे दालनातल्या चित्रालाही लागू आहे, अशी माझी जराशी आगाऊ समजूत आहे. र. कृ. जोशी जाहिरात संस्थेत काम करता करता अक्षरांच्या मागे लागले आणि त्यांच्या 'मंगल' या फाँटमधून लाखो लोकांनी संगणकावर मराठी वाचलं. जाहिरातीच्या धंद्यातूनच ही वाट निघाली होती. मी ती शोधायला धंद्याबाहेर बघत बसले होते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळालेल्या मुलांचे आईवडील मला हल्ली विचारतात, यात स्कोप आहे का? आहे. पॅकेजिंगमध्ये आहे, ॲनिमेशनमध्ये आहे, मोबाइलच्या पडद्यावर आहे. पण मुलाला पहिली दोन वर्षं 'तुझी स्टाइल कुठली?' असं कुणी विचारू नये, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या वर्गात या प्रश्नाने मुलं आजारी पडायची बाकी राहिली आहेत. जो तो परदेशी कुणासारखं तरी काढून त्याला आपली शैली म्हणतो. बाबांना शैली शोधताना मी कधी पाहिलं नाही, पण तालुक्यात त्यांचा 'क्ष' अजून कुठेही ओळखू येतो. दिल्लीत हनीफ कुरेशींनी रस्त्यावरच्या पेंटरांच्या अशा अक्षरांचे फाँट केले. २०२४ साली ते अकाली गेले. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मीही बाबांचं अक्षर घेतलंय, मात्र फाँटसाठी नाही. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरची मराठी, साठीच्या माणसाला चष्म्याविना वाचता येईल अशी, तेवढ्याच जागेत बसवून दाखवायची आहे. अजून बसलेली नाही. जोडाक्षरं फार जागा खातात.

त्याच संस्थेने मला नोकरी देऊ केली आहे. पगार बाबांच्या वर्षाच्या कमाईशेजारी ठेवला की घरात सगळे गप्प होतात. मी बहुधा जाईन. जायच्या आधी वेष्टनाच्या मागच्या बाजूचं काम मला द्या, असं विचारायचं ठरवलंय. नाही म्हणाले तर काय, याचं उत्तर माझ्याकडे आज नाही.

गेल्या महिन्यात बाबांना बऱ्याच दिवसांनी पत्र्याची पाटी मिळाली, पिठाच्या गिरणीची. उन्हाने फ्लेक्स दोनदा उडाल्यामुळे मालक वैतागला होता. या वेळी अक्षरं मी काढली, बाबांनी दोरा धरला. रंग ओला असतानाच त्यांनी मानेनेच रस्त्याकडे खूण केली. मी पलीकडे गेले, रसवंतीच्या गाड्याशेजारी उभी राहिले, डोळे बारीक केले. 'गिरण'चा 'ण' जरासा खाली बसला होता. मी हात वर करून ओरडून सांगितलं. बाबा रॉकेलचा बोळा घेऊन तिथेच उभे होते.