डाव्या पोटरीचे तेल

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या पालघरच्या घरी फोन खणखणला. बोईसरहून धाकटी जाऊ बोलत होती. "ताई, ह्यांना तेल लावायला पाटावर बसवले, तर डावी पोटरी उजवीपेक्षा जाड अन् गरम लागते. आई म्हणतात, तेल कढत करून चांगली रगड. रगडू का?"

भावोजी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. पावसाळ्यापासून मन असे खचले की भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस पडून राहात. मनोविकारतज्ज्ञांनी उदासीनतेची गोळी दिली होती. ती एकटी पुरेना म्हणून महिन्यापूर्वी मनोविकारावरची दुसरीही जोडली होती. चार दिवसांपूर्वी त्यांनी आपणहून चहा मागितला, तर जाऊ आनंदाने रडली!

मी आमच्या डॉक्टरांना उठवले. ते म्हणाले, "पायाला हात लावू नका. आधी इकडे आणा." डॉपलर सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली, तर माणसाला एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, जीवही जाऊ शकतो. रगडण्याने ती सुटण्याची भीती. आणि आपण सासरमाहेरच्या सगळ्या दुखण्यांवर तेलच काढतो की नाही?

रक्त गोठण्याची तीन कारणे वैद्यकात फिरखो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने सांगतात : प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा, आणि मुळात रक्ताचाच गोठण्याकडे कल. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पडून राहिलेल्या माणसाचा हा पंप बंद. म्हणजे उदासीनता स्वतःच निम्मे काम करते. त्यात दुसऱ्या गोळीची भर. ब्रिटनमध्ये २०१० साली पंचवीस हजारांहून अधिक गुठळीच्या रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या वर्गातली औषधे घेणाऱ्यांत हा धोका सुमारे एकतृतीयांशाने जास्त दिसला. तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालेल्यांत जवळजवळ दुप्पट.

हे ऐकताच जाऊ म्हणाली, "सगळ्या गोळ्या खाडीत टाकते!" डॉक्टर चिडले नाहीत. "धोका जास्त म्हणजे किती, ते तरी ऐका. त्याच पाहणीत वर्षाला दहा हजारांमागे चार जास्त रोगी निघाले. आणि गोळ्या एकदम तोडल्यात, तर चहा मागणारा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल. त्याचा धोका कोण मोजणार?"

रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञांनी दुसरी गोळी हळूहळू बदलली. उदासीनतेच्या काही गोळ्यांबरोबर हे औषध घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवायच्या, हे काम माझ्याकडे आले. (हिरड्यांतून रक्त आले तर लगेच कळवा, हेही.) जाऊबाईंनी शिवणाची टेप काढली, रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या मोजून कॅलेंडरवर आकडे लिहू लागल्या. फरक वाढला, की फोन.

आईंचा मात्र रुसवा महिनाभर टिकला. "माझ्या तेलाने कुणाचे वाईट झाले आहे?" म्हणायच्या. त्यांना मी काय सांगणार! संध्याकाळी त्याच भावोजींना हाताला धरून बोईसर स्टेशनापर्यंत चालवून आणू लागल्या.

परवा भावोजींचा फोन होता. "वहिनी, यंदा पहिल्या आंघोळीला आम्ही पालघरला येतो. डॉक्टरांना विचारले आहे, तेल लावायला हरकत नाही. फक्त डाव्या पोटरीला मी स्वतः लावीन."