दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना

‘श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण ती आपापल्या घरात असावी, दार लावून असावी. माईक कशाला, टाळ्या कशाला, चारचौघांत साक्ष कशाला?’ नंदुरबार जिल्ह्यातल्या ख्रिस्ती आदिवासीला सभ्य माणसं हे ऐकवतात. असभ्य माणसं काय ऐकवतात ते सोडून देऊ, त्याचं खंडन करण्यात शाई वाया जाईल. सभ्य वाक्याचा समाचार मात्र घेतला पाहिजे. ते इतकं समंजस वाटतं की पुष्कळ ख्रिस्ती मंडळीही त्यावर मान डोलावतात.

हा पूर्वपक्ष नवा नाही. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाई 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आलेल्या होत्या. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं आणि सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. मग ठिणगी कुठे पडली? बाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडं असे आणि सदनातल्या काही मुली आत येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. टीकाकारांची शंका अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही, कारण पुढे सदनातल्या काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. तरी वादाचं मूळ ते दारच होतं. बाईंनी ते लावलं नाही.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आणि तेच दार आता नंदुरबारच्या नवापूर तालुक्यात येऊन उभं राहिलं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच्या आसपासच्या पाड्यांवरची माणसं मावची, कोकणी, भिल्ल आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातली शेकडा 69 हून अधिक माणसं अनुसूचित जमातींची होती. इथे ख्रिस्ती धर्म काही काल आलेला नाही. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनऱ्यांचं काम शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे आणि चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून चालू आहे. तरी जुलै 2025 मध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात धुळे-नंदुरबारमधल्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला आणि महसूलमंत्री बावनकुळे यांनी सहा महिन्यांत ती पाडण्याची भाषा केली. बांधकाम बेकायदा असेल तर कायदा लागू व्हावा, त्याला हरकत कोण घेणार? फक्त पाड्यावरची एकूण किती बांधकामं, कुठल्याही देवाची किंवा कुठल्याही माणसाची, मंजूर नकाशा दाखवू शकतील, हा हिशेब एकदा मांडावा. पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनाघरावरच तेवढी दुर्बीण का लागते, हे त्यातून आपोआप कळेल.

आता आमिषाचा आक्षेप. गहू, दूधपावडर, फी, औषध यांसाठी हे लोक ‘तिकडे’ गेले, असं म्हणतात. दुष्काळात मिशनच्या दारी अन्नासाठी गेलेली माणसं होती, हे कोणी नाकारू नये. भुकेलेला माणूस अन्न मिळेल तिथे जातो आणि त्यात त्याची लाज नाही. पण आज? परदेशी मिशनऱ्यांचा काळ सरून दशकं झाली. पाड्यावरचा पाळक म्हणजे बहुधा त्याच भागातला शेतकऱ्याचा नाहीतर मजुराचा मुलगा, मोटारसायकलवर चार गावं करणारा. त्याच्याकडे वाटायला काही नाही, उलट दानाची पेटी त्याच माणसांच्या मजुरीतून भरते. आणि देणं-घेणंच मोजायचं तर दुसरी बाजूही वहीत लिहा. भाऊबंद तुटतात, गावाच्या पूजेची वर्गणी नाकारली म्हणून बोलणी खावी लागतात, लग्न जुळताना अडचण येते. वर ‘डीलिस्टिंग’ची, म्हणजे धर्म बदलला म्हणून अनुसूचित जमातीतून वगळलं जाण्याची, टांगती तलवार असतेच. 1950 च्या राष्ट्रपती आदेशात अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, तरी ती यावी म्हणून मोर्चे निघतात. एवढा आतबट्ट्याचा व्यवहार आमिषापोटी करणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

तर मग ही माणसं तिथे का जातात? आणि गेल्यावर गप्प का बसत नाहीत?

रविवारी सकाळी एखाद्या पाड्यावरच्या प्रार्थनाघरात मागे चटईवर बसून पाहावं. गाणी मावचीत असतात, नाहीतर मराठीत. ढोलकी असते. कर्णा फुटक्या आवाजाचा असतो, त्याबद्दल माझीही तक्रार आहे. मग साक्षी सुरू होतात, म्हणजे श्रद्धेने आपल्या आयुष्यात काय बदललं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. एक बाई उठते. एरवी ग्रामसभेत ती तोंडाला पदर लावून बसते, तलाठ्यासमोर उभी राहिली तर शब्द फुटत नाही. इथे ती वीस-पंचवीस घरांसमोर सांगते की नवरा पिऊन मारायचा, मुलगी सारखी आजारी असायची, जाऊबाईने मला डाकीण ठरवलं, गावाने पाणी भरू दिलं नाही, मी विहिरीकडे गेले होते ती पाण्यासाठी नव्हे. आणि मग प्रभूने मला उचललं. या साक्षींचा साचा ठरलेला असतो, शब्दही थोडेफार तेच. शहरी कानाला ते घोकल्यासारखं वाटतं. वाटू द्या. ज्या माणसाला आपली गोष्ट सांगण्यासाठी आजवर कुठलाच साचा मिळाला नव्हता, त्याला पहिला साचा मिळाला की तो घट्ट धरून ठेवणारच.

इथे ‘डाकीण’ हा नुसता शब्द नाही. सातपुड्याच्या या पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिचं जगणं संपल्यात जमा. आजारपण, गुरांचं मरण, पोरांचं दगावणं, सगळ्याचा दोष तिच्या नावावर लागतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध इथे वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि संशय शेजारच्या अंगणात. त्या बाईला पहिल्या दिवशी गरज असते ती आपल्या हातचं पाणी पिणाऱ्या चार माणसांची. प्रार्थनाघरात ती मिळतात, कारण तिथे डाकिणीचं भय मोडलेलं असतं. येशूपुढे कुठल्याही भुताचं काही चालत नाही, असं ते मानतात. विवेकवाद्याला हा एका अदृश्यावर दुसऱ्या अदृश्याचा उतारा वाटेल. मी त्याच्याशी भांडणार नाही. फक्त तिच्या हातचं पाणी कोणी प्यायलं, एवढं त्याने पाहावं.

दारूचंही तसंच. मनातल्या मनात सोडलेली दारू मनातल्या मनात पुन्हा सुरू करता येते. वीस घरांसमोर उभं राहून सोडली की संध्याकाळी गुत्त्याकडे वळणाऱ्या पायांना वीस घरांचे डोळे दिसतात. साक्षीची ताकद इथे आहे, आणि म्हणून ती मोठ्याने, लोकांत द्यावी लागते. दार लावून दिलेल्या साक्षीला साक्षीदार कोण?

‘ही पद्धत परकी, अमेरिकी’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच डोंगराचा इतिहास चाळावा. 1922 च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत देवीचं वारं आलं. नवापूरची सीमा त्या मुलखाला लागूनच आहे. हजारो आदिवासी जमत, कुणाच्या अंगात देवी येई आणि ती आज्ञा देई की दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांचं काम करू नका. 1937-38 मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी आरतीसाठी माणसं गोळा केली, त्यांच्याकडून व्यसन सोडवलं आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला लावलं. सावकार आणि जमीनदार ज्यांना ‘ए’ म्हणून हाक मारत होते, ते एकमेकांना आदराने हाका मारू लागले. शहाद्यात श्रमिक संघटनेच्या काळात, 1972-73 च्या सुमारास, आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. यांत कोणी देवीचं होतं, कोणी गुला महाराजांचं, कोणी लाल झेंड्याचं. पण कोणीही दार लावून सुधारलं नाही. जमावात उभं राहून मोठ्याने बोलून स्वतःला बांधून घेणं ही या मुलखाची जुनी रीत आहे. प्रार्थनाघरातली बाई तीच रीत चालवते.

यावर एक हुशार प्रतिपक्षी बायबलच पुढे करतो. तो म्हणतो, तुमच्या ख्रिस्तानेच सांगितलंय ना, खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्तपणे प्रार्थना करा? सांगितलंय, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. पण कशासाठी? रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून वाहवा मिळवणाऱ्या दांभिकांसारखं होऊ नका म्हणून. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात एक अध्याय आधी दिवा मापाखाली झाकू नका असंही आहे. ज्याला उघड प्रार्थनेने मान मिळतो त्याने दार लावावं. ज्याला उघड प्रार्थनेने मार मिळतो त्याला तोच सल्ला देणं म्हणजे वचन उलटं वाचणं.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात श्रद्धा बाळगण्याबरोबर तिचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं, पण आपली श्रद्धा मांडण्याचा हक्क मान्य केला. साक्ष ही नेमकी दुसऱ्या प्रकारात बसते. ती बाई ‘तू असा हो’ म्हणत नाही, ‘मी अशी होते’ म्हणते.

इथवर विरोधकांचं झालं. पण घरच्यांना सोडलं तर हा लेख एकतर्फी होईल.

काही पाळक साक्षीवरून थेट चमत्कारावर उडी मारतात. प्रार्थना केली, औषध बंद केलं, बरा झालो, असं व्यासपीठावरून वदवून घेतात. नंदुरबार हा सिकलसेलचा जिल्हा आहे. हा आजार आईबापांकडून वारशाने येतो. त्याच्या कळा प्रार्थनेने सोसवतील, पण गोळ्या बंद केल्या तर पोर हातचं जाईल. असा दावा भगताने केला तर आपण त्याला बुवाबाजी म्हणतो, पाळकाने केला तर दुसरा शब्द नको. विश्वास आणि औषध यांचं भांडण नाही हे चिंचपाड्याचं रुग्णालय ऐंशीहून अधिक वर्षं दाखवत आलं आहे. ते मिशनचं आहे, म्हणजे आपल्याच घरातलं उदाहरण आहे.

दुसरा दोष मला जास्त खुपतो. ‘होळीला जाऊ नका, ढोलाला हात लावू नका, ते सैतानाचं’ असं सांगणारे प्रचारक. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी त्यांनी एकदा डोळे उघडून पाहावी. बावा, बुध्या, मोरखी बनलेले गडी अंगावर राखेची नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात. हौस म्हणून कोणी नाचत नाही. नवस बोललेला असतो, पाळणूक असते, दिवसच्या दिवस खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही. सगळ्या मुलखाच्या डोळ्यांदेखत शब्द पाळायचा असतो. ज्याला स्वतःच्या साक्षीचं मोल कळतं त्याला या नाचाचं मोल कळू नये? त्याची पूजा करू नका, तुमची मर्जी. पण त्याला सैतानी म्हणणारा माणूस आपल्याच आजोबाच्या तोंडावर हात ठेवतो.

आणखी एक कबुली. निर्भीडपणाची किंमत दर वेळी निर्भीड माणूसच देतो असं नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षं त्याचा भार वाहिला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लहानग्या मुलाला घेऊन, दुसऱ्यांच्या घरी. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या धडाडीमुळे नव्हे. जातीचं सोवळं माणसांनी केलेलं आहे हे त्यांना त्यांच्या वेळेला, त्यांच्या पद्धतीने उमगलं. पाड्यावरही असंच होतं. नवरा एका उपवास-प्रार्थनेत विश्वासी होऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी घरातला देव बाहेर काढतो, बायकोला न विचारता. ही धिटाई नव्हे, जुनीच नवरेशाही आहे. साक्ष स्वतःची द्यायची असते, बायकोची परस्पर देऊन टाकायची नसते.

हे सगळं मान्य करूनही मी प्रार्थनाघरात साक्ष देणाऱ्या त्या बाईच्या बाजूने आहे. दिवाळी उलटली की ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जाते. मुकादमाची उचल आधीच खाऊन झालेली असते. बारडोलीकडच्या एखाद्या शेताच्या कडेला पडाव पडतो. ऊस तोडून, गाडी भरून रात्री ती चुलीपाशी बसते. पाड्यावरच्या तीन-चार बाया येतात, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागतं आणि त्या मोठ्याने प्रार्थना करतात. पलीकडच्या पालात झोपलेल्यांची त्यावर कुरकुर असते, ती खरीच आहे. पण या बाईला दार लावून प्रार्थना करायला सांगणाऱ्याने आधी तिची झोपडी पाहून यावी. चार बांबू, वर प्लास्टिक, बाजूने उसाचं पाचट. दार त्याला नाहीच.