पिंजऱ्यात कसला आलाय निसर्गनियम?



गेल्या जूनमध्ये आमच्या गॅलरीतल्या झेब्रा फिंचची चार पिल्लं एका रात्रीत गेली. लाल मुंग्यांनी खाल्ली. सकाळी मडक्यात डोकावलो तर आत नुसती मुंग्यांची रांग चालू होती आणि नर-मादी दांडीवर गप्प बसून होते. घरी जो येईल तो एकच वाक्य ऐकवून गेला, "जाऊ द्या हो सर, निसर्गाचा नियम आहे."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

निसर्गाचा नियम रानात! ऑस्ट्रेलियात हा पक्षी काटेरी झुडपात घरटं बांधतो. तिथेही पुष्कळ पिल्लं दुसऱ्याच्या पोटात जातात, मान्य. पण तिथली जागा त्याने स्वतः निवडलेली असते, आणि ती फसली तर दुसरं झुडूप शोधायला तो मोकळा असतो. आमच्या गॅलरीत जागा कोणी निवडली? मी. मडकं कोणी टांगलं? मी. दाराला कडी कोणी लावली? मीच. आणि मुंग्या आल्या कशाला? तर पिल्लांसाठी ठेवलेलं उकडलेलं अंडं मी रात्री काढायला विसरलो म्हणून. यात निसर्ग कुठे आला हो? हा माझा गलथानपणा. पळायची वाट आपण बंद केली की पहाऱ्याची जबाबदारीही आपलीच.

दुसरी मंडळी उलट टोकाची. मुंग्या म्हटल्या की यांच्या हातात खडू नाहीतर फवारा! एका स्नेह्यांनी तर मडक्यातच डांबरगोळी टाकायला सांगितलं. अहो, अंड्यातून निघालेलं पिल्लू जवळजवळ उघडं असतं, दोन-अडीच आठवडे ते त्या मडक्याबाहेर पडत नाही. तो वास, ती भुकटी ते चोवीस तास छातीत घेणार. द्राक्षांवर फवारणी झाल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं, हे आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला पाठ असतं. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा जिल्हाभर हाहाकार झाला होता. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी जो हिशोब आपण शिकलो, तो आपल्याच गॅलरीतल्या जिवासाठी नको?

बरं, उपाय काही नवा नाही. आपल्या आज्या दुभत्याच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. पिंजऱ्यालाही तेच करायचं. पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा, म्हणजे मुंगी वर तरंगत पलीकडे जात नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, नाहीतर मुंग्या गेल्या आणि डेंग्यूचे डास आले असं व्हायचं. पिंजरा भिंतीला टेकता कामा नये. टांगलेला असेल तर वरच्या तारेला, पक्ष्यांची चोच पोचणार नाही अशा जागी, वंगण लावायचं.

रात्री निघून रक्त पिणारे लालसर बारीक किडे वेगळे. ते दिवसा फटीत दडून बसतात, म्हणून दर विणीनंतर जुनं गवत जाळायचं आणि मडकं उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवायचं. अर्ध्या इंचाच्या जाळीतून उंदराचं पिल्लू आरामात आत येतं, तेव्हा जाळी पाव इंचाची हवी. मांजरासाठी बाहेरून हातभर अंतरावर दुसरी जाळी. संध्याकाळी उरलेलं अंडं काढून टाकणं आलंच. एवढं केलं की झालं.

"मग पाळताच कशाला?" असं आमची मुलगी विचारते. प्रश्न रास्त आहे. आपल्या रानातल्या मुनिया पकडणं-विकणं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हे झेब्रा मात्र पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. त्यांना गोदाकाठी सोडून देणं ही दया नव्हे, कावळ्यांची सोय आहे. पण रोज संध्याकाळचा हा दहा मिनिटांचा कुटाणा ज्याला जमणार नाही, त्याने खरंच पाळू नयेत. त्यात मीही आलो.

आणि पिंजरा नसणाऱ्यांनीही लगेच हसू नये! आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. काम मोठं आहे. पण त्या उत्साहात घेतलेली लाकडी घरटी आपण कुठे टांगतो, ते जरा बघा. मांजराची उडी पोचेल अशा कठड्यावर! एकदा फोटो काढला की पुढच्या मार्चपर्यंत कोणी आत डोकावतही नाही. घर देणाऱ्याने राखणही करायला नको का?

आमच्या जोडीने पुन्हा पाच अंडी घातली, त्याच मडक्यात. त्यांना दुसरी जागा आहे कुठे? या वेळी चार वाट्या भरलेल्या आहेत. रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गॅलरीत जातो, म्हणून सौ. हसते. हसू दे.

असो. पटलं तर आजच वाट्या काढा.