सील बिचारं उगाच बदनाम

ट्रॅक्टरच्या लोडरची भरलेली बकेट वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. परत याल तोवर बकेट चार बोटं खाली आलेली असते. हे पाहून गावातला मेकॅनिक, ट्रॅक्टरचा मालक आणि (सांगायला वाईट वाटतं) आपला मेकॅनिकलचा विद्यार्थी, तिघंही एकच निदान करतात : "जॅकचं सील गेलंय." मग सील किट येतं, सिलिंडर खोलला जातो, ऐन हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहतो. आणि बऱ्याचदा एवढं करून लोडर पुन्हा पहिल्यासारखाच खाली बसतो. माझं म्हणणं असं की या फुकटच्या खर्चाचा दोष मेकॅनिकपेक्षा आपल्याकडे जास्त जातो. त्याला कोणी शिकवलेलं नाही. आपल्याला मात्र पास्कलचा नियम शाळेपासून पाठ आहे.

साधं गणित करून पाहू. लोडरचे आर्म उचलणारा सिलिंडर घ्या, बोअर ५० मिलिमीटर, रॉड ३० मिलिमीटर. पिस्टनच्या खालच्या बाजूचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, रॉडच्या बाजूचं १२.६. लिव्हर मध्यावर आहे, म्हणजे दोन्ही पोर्ट बंद. आता समजा, पिस्टनचं सील काढूनच टाकलं. रॉड एक सेंटिमीटर आत यायचा तर खालून १९.६ मिली ऑइल वर जायला हवं, आणि वर जागा आहे १२.६ मिलीची. उरलेलं सात मिली जाणार कुठे? ऑइल काही मेसचा भात नव्हे, दाबून बसवायला. त्यामुळे रॉड किंचित दबतो आणि थांबतो. फरक एवढाच पडतो की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि सगळं वजन रॉडच्या सात चौरस सेंटिमीटरवर येतं. आधी ६० बार असलेला दाब आता १६७ बार होतो. पण आर्म खाली येत नाहीत!

याचा अर्थ, आर्म खाली यायचे तर ऑइल सिलिंडरमधून बाहेर पडलंच पाहिजे. रॉडच्या तोंडाशी ठिबकत असेल किंवा होजचा जोड गळत असेल तर ते डोळ्यांना दिसतं. काहीच दिसत नसेल तर ते कंट्रोल व्हॉल्व्हमधून गुपचूप टाकीत चाललंय. व्हॉल्व्हमधल्या स्पूलला पोर्टांच्या मध्ये सील नसतं. धातूत धातू बसलेला, मध्ये काही मायक्रॉनची फट. ती नसेल तर स्पूल हलणारच नाही. म्हणजे थोडी गळती ही रचनेतच आहे, तिला बिघाड म्हणता येत नाही. बिघाड होतो तो फट वाढल्यावर, कारण गळती फटीच्या घनाप्रमाणे वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. घाण ऑइल आणि वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर हेच काम करतात. त्यात तापमानाची भर. ४६ ग्रेडचं ऑइल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असतं, १०० अंशांना जेमतेम ७ उरतं. सकाळी टिकणारा लोडर दुपारी का बसतो, हे आता कोणी विचारू नये.

सील अगदीच साधू आहे असंही नाही. ते गेलं की दाब वाढतो हे वर पाहिलं, आणि वाढलेल्या दाबाने व्हॉल्व्हची गळतीही वाढते. शिवाय जिथे वजन रॉडला बाहेर ओढतं तिथे गोष्ट उलटी. पुष्कळ लोडरमध्ये बकेट कलवणारा सिलिंडर असाच असतो. तिथे रॉडच्या बाजूचं ऑइल पलीकडे जायला भरपूर जागा असते, त्यामुळे एकट्या सीलनेही बकेट पुढे कलते. तेव्हा आर्म बसतायत की बकेट कलतेय, हे आधी बघावं. आर्मच्या सिलिंडरचं सील तपासायचंच असेल तर बकेट जमिनीवर टेकवून दोन्ही सिलिंडरच्या रॉडकडच्या पिना काढाव्यात, रॉड पूर्ण बाहेर काढावेत, इंजिन बंद करून रॉडच्या बाजूचा होज सोडावा आणि मग खालून दाब द्यावा. उघड्या पोर्टमधून ऑइल येतच राहिलं, तर आणि तरच सील किट आणायला जावं.

आता खरी काळजीची गोष्ट. दहा मिनिटांत बकेट चार सेंटिमीटर उतरली आणि त्यासाठी रॉड एक सेंटिमीटर आत गेला असं धरलं, तर दोन सिलिंडर मिळून चाळीस मिली ऑइल गेलं. मिनिटाला चार मिली, चहाचा चमचासुद्धा भरत नाही. एवढ्याने कोणाचा जीव जात नाही. जीव जातो तो उचललेल्या आर्मखाली बसून पिनांना ग्रीस मारताना होज फुटला तर, किंवा एखाद्या पोराने सीटवर चढून लिव्हर ढकलला तर. इंजिन बंद असलं तरी लिव्हर ढकलल्यावर आर्म खाली येतात, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. आणि नुकतंच नवीन सील टाकलेलं असलं की माणूस जास्तच निर्धास्तपणे खाली शिरतो. सिलिंडरच्या तोंडावरच बसवलेला लोड होल्डिंग व्हॉल्व्ह होज फुटण्यापासून वाचवतो. इंजिन चालू असताना लिव्हर ढकलणाऱ्या पोरापासून मात्र तोही वाचवत नाही. त्याला लोखंडच लागतं. बाहेर आलेल्या रॉडवर घालायचा चॅनेलचा तुकडा, सिलिंडरच्या तोंडापासून रॉडच्या टोकापर्यंत बरोबर बसणारा.

आपल्या लॅबमध्ये ट्रेनर किटवर सिलिंडर पुढे-मागे करून प्रॅक्टिकल संपतं. वजन टांगून, स्टॉपवॉच लावून, थंड आणि गरम ऑइलवर तो किती उतरतो हे मोजायला लावलं तर फार तर एक टर्न जाईल. आणि वर्कशॉपमध्ये दर वर्षी बट जॉइंट करून आपण भंगारात टाकतो, त्याऐवजी हे चॅनेल करू द्यावं. ६० बारला एका सिलिंडरवर सुमारे १२०० किलोचा भार येतो, त्यावरून सेक्शन काढायचा, बकलिंग तपासायचं, वेल्ड करायचं आणि ज्याच्या घरी लोडर आहे त्याने दिवाळीच्या सुट्टीत जोडी घरी न्यायची.